लॅपटॉप आपण घेणार, खांदा त्यांचा

बारावीचा निकाल लागला, सीईटीचा लागला, प्रवेशाच्या याद्या लागू लागल्या की सारसोळे-नेरुळच्या घराघरांत एकच विषय निघतो: लॅपटॉप कुठला घ्यायचा? माझं शिकवणं संगणकाचं आणि राहणंही इथलंच, त्यामुळे त्या दिवसांत ओळखीचे आईबाबा मोबाईलमध्ये दोन फोटो घेऊन येतात. एक मोठा, पंधरा-सोळा इंची. एक छोटा, तेरा-चौदा इंची. किंमत जवळजवळ सारखीच. आणि मी काही बोलायच्या आत बाबांचं ठरलेलं असतं, "एवढे पैसे घालतोय, तर मोठाच घेऊ ना?"

या वाक्यामागचा जीव मला कळतो. कुणी भिशीचे पैसे उचललेले असतात, कुणी पीएफमधून काढलेले, कुणी दागिना बँकेत ठेवलेला. खाडीवर मासळीचा धंदा करून पोरीला इंजिनिअरिंगला घालणाऱ्या आईला वाटतंच, की द्यायचं ते भरभरून द्यावं, उद्या तिला काही कमी पडायला नको. मोठा पडदा म्हणजे मोठी वस्तू, चार वर्षं बघायला नको. या मायेला मी कधीच चूक म्हणणार नाही. पण तुमच्याशी मनातलं बोलायचं तर दुकानात शिरण्याआधी एक गोष्ट विचारते: लेकरू कॉलेजला जाणार कसं?

कारण आपल्याकडे उत्तरं फार वेगवेगळी आहेत. नेरुळमध्येच इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत: रामराव आदिक, एसआयईएस, तेरणा. तिथे प्रवेश मिळाला तर रिक्षा किंवा बस, फार तर चालत. त्या मुलाने मोठा लॅपटॉप नेला तरी फारसं बिघडत नाही. पण माटुंग्याचं व्हीजेटीआय मिळालं तर? सकाळच्या गर्दीत हार्बरची गाडी, मध्ये गाडी बदलणं, पुढे पुन्हा चालणं. जे.जे.ला आर्किटेक्चर मिळालं तर थेट सीएसएमटी, तासाभराहून जास्त, आणि हातात शीटची नळी, कधी पुठ्ठ्याचं मॉडेल. ठाण्याकडचं कॉलेज असेल तर ट्रान्स-हार्बर. या गाड्यांत सकाळी पाठीवर बॅग ठेवता येत नाही, ती पुढे छातीशी घ्यावी लागते. वरच्या रॅकवर जागा मिळाली तरी नवा लॅपटॉप तिथे ठेवायला मुलाचा जीव धजत नाही. म्हणजे ते वजन पूर्ण वेळ त्याच्या अंगावर.

आता वजनाचा हिशेब बघा. साधारण चौदा इंची लॅपटॉप १.३ ते १.५ किलोचा असतो, त्याचा चार्जर दोन-तीनशे ग्रॅमचा. साधा पंधरा-सोळा इंची १.६ ते १.९ किलोपर्यंत जातो. आणि मुलं हौसेने मागतात तो गेमिंगवाला २.२ ते २.५ किलो, त्याचा चार्जर विटेएवढा, अर्धा किलो ते पाऊण किलो. दुकानातल्या पाटीवर चार्जरचं वजन धरलेलं नसतं, हे लक्षात ठेवा. शिवाय कंपनी पाटीवर बहुधा सर्वांत हलक्या प्रकाराचं वजन छापते, आपण घेतो तो त्याहून थोडा जड निघू शकतो.

बॅगेत लॅपटॉप एकटा नसतो. लिटरभर पाणी, डबा, वह्या-फाइल, आणि बॅगेचं स्वतःचं वजन मिळून साडेतीन-पावणेचार किलो सहज होतात. त्यात हलका लॅपटॉप घातला तर साडेपाचच्या आत-बाहेर, गेमिंगवाला घातला तर पावणेसात. पावसाळ्यात छत्री आणि ओली बॅग वेगळीच.

शाळेतल्या मुलांसाठी आपल्या राज्याने २०१५ मध्ये आणि केंद्राने २०२० च्या दप्तर धोरणात मर्यादा घालून दिली: दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. पन्नास किलोच्या मुलीला हाच हिशेब लावला तर पाच किलो. कॉलेजला असा काही नियम नाही. पण दहावी झाल्यावर पाठीचा कणा काही बदलत नाही. आपण शाळेत दप्तराच्या ओझ्यावरून पालकसभेत बोललो, पत्रं दिली, आणि त्याच लेकराला दोन वर्षांनी आपल्याच हौसेने तीन किलोचं ओझं घेऊन देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझी एक विनंती आहे. लॅपटॉप घेण्याआधी पाण्याच्या बाटल्या घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतका सरळ हिशेब. मुलाच्या बॅगेत रोजचं सामान भरा आणि लॅपटॉप-चार्जरच्या जागी पाणी भरलेल्या बाटल्या ठेवा: एकदा १.७ लिटर, दुसऱ्या दिवशी तीन लिटर. घरात मासळीचा काटा असेल तर त्यावर बॅग मोजून घ्या. मग ऐन गर्दीच्या वेळी नेरुळ किंवा जुईनगरहून त्याला खऱ्या कॉलेजपर्यंत जाऊन येऊ द्या, गाडी बदलायची असेल तर जिन्यासकट. जमलं तर एक दिवस बाबांनी स्वतः ती बॅग घेऊन जावं. परत आल्यावर लेकराला विचारा, रोज जमेल का? दुकानातल्या विक्रेत्याला हे उत्तर माहीत नसतं. ते फक्त त्या खांद्याला माहीत असतं.

मला जे सांगायचं आहे ते खरं पुढेच आहे.

मुलं आपल्याला खरं सांगत नाहीत. एवढ्या कष्टाने घेऊन दिलेली वस्तू जड आहे, हे आईबाबांना तोंडावर कसं सांगायचं? मग ती वस्तू हळूहळू घरी राहू लागते. आधी शनिवारी, मग प्रॅक्टिकल नसेल त्या दिवशी, मग सत्र संपता संपता कपाटातच. वर्गात मुलं मोबाईलवर कोड लिहायला बघतात, नाहीतर मित्राच्या लॅपटॉपमागे उभी राहतात. ग्रंथालयात दोन तासांचा मोकळा वेळ असतो, तो असाच जातो. आणि घरी आपण म्हणतो, "एवढा महागाचा घेऊन दिला, आणि हा नेतच नाही." मुलगा गप्प बसतो. मी अशी मुलं पाहिली आहेत, आणि ती आळशी नव्हती. त्यांच्या आणि तुमच्या मध्ये ती दोन-अडीच किलोची वस्तू येऊन बसली होती, आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

मुलींचं तर आणखी एक असतं. गर्दीत बॅग छातीशी धरून उभं राहायचं, स्टेशनवर उतरताना तीच बॅग घेऊन लोटालोटीतून बाहेर पडायचं. यावर "सगळ्याच जणी जातात" हे उत्तर देऊ नका. सगळ्या जातात हे खरं, पण जाताना काय होतं ते त्या घरी येऊन सांगत नाहीत.

पडद्याबद्दलची तुमची काळजी मात्र रास्त आहे, ती मी उडवून लावणार नाही. "छोट्या स्क्रीनने डोळे जातील" असं बऱ्याच आया म्हणतात. इंचाचा आकडा पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात, त्यामुळे तो थोडा फसवतो. जुन्या पद्धतीचा १५.६ इंची पडदा लांबट असतो, १६:९ प्रमाणाचा. त्याची उंची साडेएकोणीस सेंटीमीटरच्या आसपास. आता बरेच चौदा इंची लॅपटॉप १६:१० प्रमाणाचे येतात, त्यांची उंची जवळपास एकोणीस सेंटीमीटर. म्हणजे पानभर मजकूर किंवा कोड वाचताना वरून खाली दिसणाऱ्या ओळींत फारसा फरक पडत नाही. कमी होते ती रुंदी. एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला वही उघडून काम करायचं असेल तर ती जाणवते, हे खरं. अक्षर बारीक वाटलं तर सेटिंगमध्ये मोठं करता येतं. डोळ्यांसाठी वीस-वीस-वीसचा नियम लावून द्या: वीस मिनिटांनी एकदा वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं. खोलीतून तेवढ्या अंतराचं काही दिसत नसेल तर खिडकीतून.

घराचाही विचार करा. सिडकोच्या वन रूम किचनमध्ये किंवा गावठाणातल्या माळ्यावर टेबल-खुर्ची मांडायला जागा नसते. पोरं पलंगावर पालथी पडून, मांडी घालून, उशीवर लॅपटॉप ठेवून अभ्यास करतात. उशीने हवेची भोकं बंद होतात आणि यंत्र तापतं. माझं मत विचाराल तर छोटा लॅपटॉप घ्या आणि जमेल तेव्हा, पुढच्या वर्षी का होईना, बावीस-चोवीस इंची मॉनिटर घेऊन भिंतीला लावा. एचडीएमआयच्या एका वायरीने लॅपटॉप त्याला जोडला जातो. कॉलेजात हलकी वस्तू, घरी भला मोठा पडदा, आणि मानही सरळ राहते. मॉनिटर लगेच जमत नसेल तर घरातला टीव्ही चालतो, बहुतेकांना एचडीएमआयचा सॉकेट असतोच. फक्त संध्याकाळी टीव्ही आजीचा असतो, तेव्हा आजीशी आधी बोलून घ्या.

छोट्या लॅपटॉपच्याही अडचणी आहेत. तेवढ्याच ताकदीचा हलका लॅपटॉप घ्यायला गेलात तर बहुधा पैसे थोडे जास्तच मोजावे लागतात. त्याच नावाचा प्रोसेसर पातळ शरीरात लवकर तापतो आणि लांबलचक कामात थोडा मंद पडतो. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून घेतानाच १६ जीबी घ्या. आठवर तडजोड करून "पुढे वाढवू" म्हणालात तर पुढे वाढवता येईलच असं नाही. आणि आकड्यांची वेगळी पट्टी, जी कॉमर्सच्या मुलांना टॅली-एक्सेलला लागते, ती चौदा इंचीत बहुधा नसते. ती यूएसबीवर जोडायची सुटी मिळते, स्वस्तात.

आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ संपादन, गेम बनवणं असं काही शिकणार असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि मग वजन येतंच. तिथे "हलकाच घ्या" असा हट्ट मी धरणार नाही. पण दुकानात जाण्याआधी त्याच अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: लॅपटॉप रोज न्यावा लागतो की आठवड्यातले ठरावीक दिवस? कॉलेजच्या लॅबमध्ये ती सॉफ्टवेअरं आहेत का? पहिल्याच वर्षी जड यंत्र लागतं की तिसऱ्या वर्षी? कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या बहुतेक मुलांना मात्र गेमिंगवाला लागत नाही. पहिल्या वर्षी सी, पायथन, जावा शिकायला साधा चौदा इंची पुरून उरतो. मुलं म्हणतील, "प्रोजेक्टला लागेल." प्रोजेक्टला काय लागतं ते शेवटच्या वर्षी कळतं, आणि तोवर बाजार बदललेला असतो. त्यांचं मन मोडू नका, पण पाण्याच्या बाटल्यांचा प्रयोग करायला सांगा. मग ती स्वतःच पुन्हा विचार करतात.

बॅटरीचंही बघून घ्या. वर्गात सॉकेट भिंतीपाशी, त्यासाठी झटापट. गेमिंगवाल्यात बॅटरी मोठी असली तरी यंत्र वीजही तशीच खातं, म्हणून जड चार्जर रोज न्यावाच लागतो. हलक्या लॅपटॉपमध्ये टाइप-सी वर चार्जिंग असलेला निवडा. ६५ वॅटचा एक छोटा चार्जर लॅपटॉप आणि फोन दोन्हीला चालतो, आणि कॉलेजच्या दिवसात बऱ्याचदा तोही घरी ठेवता येतो.

आणि पाऊस. आपल्या खाडीकाठच्या पावसात रेनकोट घातलेली बॅगसुद्धा शिवणीतून गळते. लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग स्लीव्हमध्ये, मग बॅगेत, असा क्रम लावून द्या. पाण्याची बाटली त्याच कप्प्यात कधीही नको. भिजला तर चालू करून बघायचा नाही. बंद ठेवून दुरुस्तीला न्यायचा. हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, म्हणजे घाबरून तो बटण दाबणार नाही.

ज्यांनी मोठा घेऊनच टाकला आहे, त्यांनी मन खट्टू करून घेऊ नका, आणि मुलाला तर अजिबात काही ऐकवू नका. दुसरा चार्जर घ्या. कंपनीचा किंवा तेवढ्याच वॅटचा चांगल्या कंपनीचा. एक घरी, आणि कॉलेजात लॉकर मिळत असेल तर एक तिथे. रोजच्या बॅगेतून अर्धा किलो तिथेच गेला. फाइल्स गूगल ड्राइव्हवर ठेवायची सवय लावा, म्हणजे ज्या दिवशी लॅबचा संगणक पुरेसा आहे त्या दिवशी लॅपटॉप घरी राहिला तरी काम अडत नाही. पाणी कॉलेजात भरता येत असेल तर निघताना अर्धी बाटली न्या. एका खांद्यावरची बॅग असेल तर ती बदलून दोन पट्ट्यांची, छातीशी बकल असलेली घ्या. आणि आज रात्री जेवताना त्याला सरळ विचारा, "जड होतो का रे?" उत्तर "नाही" आलं तरी विश्वास ठेवायची घाई करू नका. उद्या सकाळी तो निघताना ती बॅग तुम्हीच उचलून दारापर्यंत न्या.