माणसाचा शेवटचा शोध?

माणसाने चाक शोधले, वाफेचे इंजिन शोधले, संगणक शोधला. यापुढचा एखादा शोध असा असू शकेल काय, की ज्यानंतर शोध लावण्याचे कामच माणसाकडे उरणार नाही? ब्रिटिश गणितज्ञ आय. जे. गुड यांनी १९६५ साली हा विचार गंभीरपणे मांडला. हे गुड म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ॲलन ट्युरिंग यांच्यासमवेत जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणारे गृहस्थ. तेव्हा त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही.

त्यांचा युक्तिवाद साधा आहे. यंत्र घडविणे हे बुद्धीचे काम. माणसाहून बुद्धिमान यंत्र एकदा झाले, की ते स्वतःहून सरस यंत्र घडवील, ते त्याहून सरस घडवील, आणि माणूस मागे पडेल. यालाच त्यांनी बुद्धीचा स्फोट म्हटले. पुढे १९९३ मध्ये व्हर्नर विंज या अमेरिकन गणितज्ञाने (हे विज्ञानकथाही लिहीत) त्यासाठी ‘सिंग्युलॅरिटी’ हा शब्द रूढ केला. ज्या बिंदूपाशी नेहमीची समीकरणे चालेनाशी होतात, तो हा बिंदू. त्यापलीकडचे भविष्य आपल्याला वर्तविता येणार नाही, असा त्याचा आशय. ही घटना २००५ पूर्वी किंवा २०३० नंतर घडली तर आपल्याला नवल वाटेल, असे विंज यांनी लिहिले होते. रे कुर्झवाइल यांनी २००५ च्या आपल्या पुस्तकात २०४५ हे साल दिले. संगणकाची शक्ती ठरावीक काळाने दुप्पट होत जाते, हा त्यांचा मुख्य आधार.

येथेच खरा वाद आहे. मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी २०११ मध्ये मार्क ग्रीव्ह्ज यांच्यासह असा आक्षेप घेतला, की मेंदूचा अभ्यास जितका खोल जातो तितकी गुंतागुंत वाढते व पुढचे पाऊल अधिक जड होते. अर्थशास्त्राच्या तासाला आपण घटत्या फलाचा नियम शिकतो, त्याचीच येथे आठवण होते. खत दुप्पट घातले म्हणून ऊस दुप्पट येत नाही, हे आमच्याकडे न शिकलेल्यालाही ठाऊक असते. बुद्धीचे पीक तेवढे या नियमातून सुटेल, हे गुड गृहीत धरतात. सिद्ध करीत नाहीत. मला ॲलन यांची बाजू अधिक पटते. तरीही आजचे संगणक स्वतःच आज्ञावली लिहू लागले आहेत, हे पाहता गुड यांची साखळी निव्वळ कल्पना राहिलेली नाही, हेही मान्य केले पाहिजे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. अंगमेहनतीचे काम यंत्राने जाते, लेखणीचे जात नाही, या भरवशावर घरच्यांनी मला येथे धाडले. सिंग्युलॅरिटी येवो वा न येवो, त्या भरवशाला धक्का बसायला एवढी मोठी घटना लागत नाही. त्याच्या निम्म्या वाटेवरचे यंत्रही पुरेसे आहे. विद्वानांच्या चर्चेत सालांचा काथ्याकूट पुष्कळ. हा मुद्दा मात्र मला क्वचितच आढळला.

गुड यांनी आपल्या विधानाला एक अट जोडली होती : आपल्याला ताब्यात कसे ठेवावे हे माणसाला सांगण्याइतके ते यंत्र आज्ञाधारक हवे. मानवजात तगण्यासाठी असे यंत्र लवकर व्हावे, असे १९६५ मध्ये लिहिणारे गुड उतारवयात मात्र त्याच यंत्रामुळे मानवजात नष्ट होईल, या भीतीपर्यंत आले होते.