घरातील वृद्धांना अधिक मदत केव्हा हवी? वेळीच ओळखावयाच्या खुणा

दसरा-दिवाळी उलटली की धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा, वाशी व कळंब तालुक्यांतील अनेक घरांना कुलपे लागू लागतात. ऊसतोडणीसाठी जोडपी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहतात ती शाळेत जाणारी मुले आणि म्हातारी माणसे. मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात आली. वृद्ध माणूस मात्र ‘आपले आपण पाहील’ असे धरून चालण्यात येते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु कोणत्या वर्षापासून ते खरे उरले नाही, हे ओळखावे कसे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

हा प्रश्न केवळ ऊसतोड कुटुंबांपुरता नाही. पुणे-मुंबईस नोकरीनिमित्त गेलेल्या मुलांच्या आईवडिलांचीही स्थिती याहून फार वेगळी नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा व उमरगा तालुक्यांत जी गावे नव्या जागी वसली, तेथे आळीतील भिंतीला भिंत लागून असलेला जुना शेजार विरळ झाला. त्या वेळी तिशीत असलेली माणसे आज साठी ओलांडून गेली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील सुमारे १० टक्के लोक ६० वर्षांवरील होते. हे प्रमाण वाढतेच राहणार आहे.

वय नव्हे, काम पाहावे

‘सत्तरी झाली, आता बसून राहा’ असे म्हणणे जसे चुकीचे, तसेच ‘अजून ठणठणीत आहेत’ असे वरवर पाहून ठरविणेही चुकीचे. वय किंवा आजाराचे नाव यांवरून मदतीची गरज समजत नाही. ती समजते रोजच्या कामांवरून. अमेरिकेतील डॉ. सिडनी काट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये यासाठी सहा कामे निश्चित केली : स्नान करणे, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणावरून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि हाताने जेवणे. पुढे १९६९ मध्ये लॉटन व ब्रॉडी यांनी स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचा हिशेब, औषधे घेणे, प्रवास, दूरध्वनी, धुणे व घरकाम ही दुसरी यादी मांडली.

या दोन याद्यांत एक उपयुक्त क्रम दडलेला आहे. सामान्यतः दुसऱ्या यादीतील अवघड कामे आधी सुटतात. त्यानंतर स्नानाची अडचण सुरू होते. हाताने जेवण्याची शक्ती बहुधा सर्वांत शेवटी जाते. म्हणून ‘जेवतात ना व्यवस्थित’ एवढ्यावर समाधान मानणे म्हणजे शेवटच्या खुणेची वाट पाहणे होय.

ग्रामीण घरातील खुणा

या याद्या आपल्या घरांना लावून पाहिल्या म्हणजे खुणा स्पष्ट दिसू लागतात. भाकरी थापणारी आजी चहा-बिस्किटांवर वेळ मारून नेते. हापशावरून आणावयाची घागर अर्धीच भरली जाते. डाळतांदळात खडे राहू लागतात. बांगड्या मनगटावरून सैल होऊन घसरतात. औषधांच्या पाकिटात महिनाअखेर गोळ्या तशाच उरतात, किंवा पंधरा दिवसांतच संपतात. निराधार योजनेचे पैसे आले की नाही, हे सांगता येत नाही. पारावर किंवा कीर्तनास नेमाने जाणारे आजोबा ‘कंटाळा येतो’ म्हणून घरीच बसतात. खरे कारण पडण्याची धास्ती, ऐकू न येणे, मोतीबिंदू किंवा मनाची उदासी यांपैकी काहीही असू शकते. कोपरा-गुडघ्यावरील खरचटल्याच्या खुणांची हकीगत सांगण्याचे टाळले जाते.

वृद्ध माणसे अडचण लपवितात, हेही ध्यानी घ्यावे. आपल्यामुळे लेकरांचा हंगाम बुडू नये, उचल घेतलेल्या मुलाच्या वाटेत आपण येऊ नये, ही त्यामागील भावना असते. त्यामुळे ‘बरे आहे ना?’ या प्रश्नाला ‘बरे आहे’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘काल रात्री काय जेवलात?’, ‘पाणी कोणी आणले?’, ‘रात्री उठावे लागले तर काय करता?’ असे प्रश्न विचारावेत. शक्य तर एक दिवस सोबत राहून सर्व कामे प्रत्यक्ष पाहावीत.

अचानक बदल म्हणजे वार्धक्य नव्हे

वरील खुणा महिनोन्‌महिने हळूहळू दिसतात. परंतु एकदोन दिवसांतच माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला, सतत झोपू लागला किंवा वारंवार पडू लागला, तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. वृद्धांमध्ये लघवीचा किंवा फुप्फुसाचा जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, साखर उतरणे किंवा औषधांचा परिणाम असा प्रकट होऊ शकतो. ताप असेलच असे नाही. तोंड वाकडे होणे, हातापायातील शक्ती जाणे किंवा बोबडी वळणे ही पक्षाघाताची लक्षणे होत. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनाविलंब बोलवावी.

मदत हवी तेवढीच

गरज ओळखल्यानंतर सर्व कामे हातून काढून घेणे ही दुसरी चूक ठरते. जे काम सुटले तेवढ्यालाच आधार द्यावा. घागर जड होत असेल तर पाणी भरून द्यावे; स्वयंपाक मात्र त्यांनाच करू द्यावा. न्हाणीत खरबरीत फरशी व धरावयास दांडी, अंथरुणाजवळ दिवा, आठवड्याच्या गोळ्यांची दिवसवार मांडणी, जाड मुठीची काठी, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हे उपाय अल्पखर्चाचे आहेत. मात्र स्नान, शौच किंवा उठणे-बसणे यांसाठी माणूस लागत असेल, तर अशा वृद्धास हंगामभर एकटे ठेवणे धोक्याचे होय. त्यास सोबत न्यावे की नातलगांकडे ठेवावे, हा निर्णय निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे, तर महिनाभर आधी झाला पाहिजे.

गावाचे कर्तव्य

घरचे लोक नसतात तेव्हा खुणा प्रथम दिसतात त्या गावाला. शिधा घेण्यास कोण आले नाही हे रास्त भाव दुकानदारास कळते. आजी आजारी असल्याचे वर्गातील नातवाकडून शिक्षकांना कळते. आशा कार्यकर्तीच्या तपासणी-तक्त्यात ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी चालताना तोल जाणे, दैनंदिन कामांत दुसऱ्याची मदत लागणे व जवळच्यांची नावे विसरणे यांविषयी प्रश्न आहेत. ही माहिती एकत्र यावयास हवी. १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय वृद्ध दिन असून २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा भरते. हंगामापूर्वीच्या या सभेत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी, त्यांच्या मुलांचे दूरध्वनी क्रमांक आणि रोज दारात डोकावणारा एक शेजारी एवढे निश्चित करता आले, तर त्यास स्वतंत्र निधी लागणार नाही.

७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनीही आहे. आईवडिलांची हेळसांड झाल्यास २००७ च्या अधिनियमानुसार उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी दाद मागता येते. परंतु कायद्याचे दार ठोठावण्याची वेळ येते ती हानी झाल्यानंतर. अर्धी भरलेली घागर ज्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात येते, त्याच दिवशी त्या घरातील वृद्धाची खरी काळजी सुरू होते.