अटकपूर्व जामीन : आपलेही म्हणणे कोर्टापुढे जाऊ द्या

अभ्यासपाठ
वाचन : लूक १८:१-८



वस्तीवर काम करताना एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते : “ताई, त्याला तर अटकच झाली नाही. जामीन मिळाला म्हणे. आता केस कशाला चालवायची?” अत्याचार झालेल्या मुलीच्या घरचे असे खचले, की गावातली चार माणसे ‘मिटवून टाका’ म्हणत पुढे येतात. म्हणून या पाठात अटकपूर्व जामीन कसा ठरतो ते पाहू.

१. हा जामीन म्हणजे काय?

अटक होईल अशी भीती असलेला माणूस आधीच सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अर्ज करतो. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ मध्ये आहे. पूर्वी ती कलम ४३८ म्हणून ओळखली जाई. खोट्या आरोपात कोणी विनाकारण तुरुंगात जाऊ नये, हा तिचा हेतू आहे आणि तो रास्त आहे. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. तपास आणि खटला पुढे चालतोच.

२. न्यायाधीश काय पाहतात?

गुन्हा किती गंभीर, त्यात आरोपीचा भाग कोणता, पूर्वीचे गुन्हे आहेत का, तो पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, आणि आरोप केवळ बदनामीसाठी केलेला दिसतो का. या वेळी साक्षी होत नाहीत. फिर्याद, जबाब, वैद्यकीय अहवाल आणि पोलिसांचे म्हणणे, एवढ्यावरच निर्णय होतो. म्हणून समोर कोणता कागद येतो याला फार महत्त्व आहे.

३. दार कुठे बंद आहे?

सोळा वर्षांखालील मुलीवर बलात्कार किंवा अठरा वर्षांखालील मुलीवर सामूहिक बलात्कार असा आरोप असेल, तर हा जामीन कायद्यानेच मिळत नाही. पीडिता आदिवासी किंवा दलित असून आरोपी त्या समाजांबाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम १८ आड येते. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तरच अपवाद, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. म्हणून फिर्यादीत मुलीचे वय आणि जमात नीट लिहिली आहे ना, ते पाहावे. शाळेचा व जातीचा दाखला सोबत ठेवावा.

४. जळगावचा धडा

एका अल्पवयीन मुलीच्या प्रकरणात जळगावच्या सत्र न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये आरोपीला अटकपूर्व जामीन दिला. मुलीच्या निरक्षर, विधवा आईकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले होते, की जे झाले ते संमतीने झाले. सज्ञान झाल्यावर लग्नाचे आश्वासनही दिले होते. आपल्या नगर जिल्ह्याचे अपील जिथे जाते, त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ फेब्रुवारी २०२१ रोजी तो जामीन रद्द केला आणि खालच्या कोर्टाच्या असंवेदनशीलतेवर कडक ताशेरे ओढले. असा कागद लिहून घेता आला, यातच आरोपीच्या घरच्यांचे वजन दिसते, असे खंडपीठाने मानले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला नियमित जामिनासाठी अर्ज करता यावा म्हणून चार आठवडे अटकेपासून संरक्षण दिले, पण रद्द झालेला जामीन परत दिला नाही.

त्याच मार्चमध्ये दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की जामिनाच्या अटींत आरोपी व पीडितेची गाठ घालून देऊ नये आणि कोर्टाने लग्न वा तडजोड सुचवू नये.

लक्षात घ्या, वरच्या कोर्टाने चूक दुरुस्त केली, पण त्यात वर्ष गेले. वस्तीवर लिहून दिलेला एक कागद एवढे करू शकतो.

५. आपण काय करावे?

• कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही, अंगठा देऊ नये. पंचांपुढे तर नाहीच.
• धमकी किंवा पैशाची लालूच आली, तर तारीख घालून पोलिसांत लेखी द्यावे. जामिनाला विरोध करताना ते कामी येते.
• ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि बोलण्याचा हक्क पीडितेला आहे. पोक्सो प्रकरणांतही मुलीच्या कुटुंबाला सूचना द्यावी, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. तारखेला हजर राहावे.
• जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया, मुले व आदिवासींना मोफत वकील मिळतो; उत्पन्नाची अट नाही. दूरध्वनी १५१००.
• मुलीचे नाव, फोटो कुठेही देऊ नये. प्रार्थनासभेत विनंती करतानाही नाही.

६. मनन

प्रभूच्या दाखल्यातील विधवेजवळ ना पैसा होता, ना ओळख. न्यायाधीशही देवाला भिणारा नव्हता. तरी ती येत राहिली, म्हणून तिचे ऐकले गेले. आपल्या वस्तीवरच्या आईला एकटीने इतके हेलपाटे घालणे जमणार नाही. तिच्यासोबत एसटीत बसून कोर्टापर्यंत जाणे, ही मंडळीची सेवाच आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. ‘मिटवून टाका’ असे आपणही कधी म्हटले आहे का? त्यात कोणाचे भले झाले?
२. सुनावणीच्या तारखेला पीडितेच्या घरच्यांबरोबर जायला आपल्या मंडळीतून कोण तयार आहे?
३. आरोपी आपल्याच नात्यातला वा मंडळीतला असेल, तर आपण काय करू?