कारवानी आणलंस, आता ऐक

लातूरहून कारवानी पिल्लू पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेलंस म्हणून तुझी आई माझ्यावर रागावली आहे. हे खूळ आत्यानंच पोराच्या डोक्यात भरवलं, असं तिचं म्हणणं. असू दे. नेलंच आहेस तर चार गोष्टी सांगते, त्या सूनबाईलाही वाचून दाखव, कारण सकाळी तू झोपलेला असणार आणि दोर तिच्याच हातात येणार.

आधी पट्टा बदल. कारवानीचं डोकं निमुळतं आणि मान जवळजवळ तेवढीच जाड. दोन पावलं मागे सरून डोकं झटकलं की साधा पट्टा तुझ्या हातात आणि कुत्रं रस्त्यावर. रुंद पट्टा घे, ओढल्यावर थोडा आवळणारा, पण एका मापापुढे न आवळणारा. दुकानात मार्टिंगेल म्हणून माग. ती ओढलं की लांबत जाणारी, बटणाची दोरी मात्र घेऊ नकोस. हे जनावर चार ढांगांत वेग पकडतं. दोरी संपली की सगळा हिसका त्याच्या मानेला बसतो, आणि मध्ये बोट आलं तर तेही कापतं.

आता मुख्य गोष्ट. हे कुत्रं नाकानं कमी आणि डोळ्यानं जास्त जगतं. उघड्या माळावर लांबचा ससा हेरून पळत गाठायचा, यासाठी दख्खनच्या लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या पाळलं. तुमच्या सोसायटीत ससे नाहीत, पण मांजरं आहेत, खारी आहेत, वाऱ्यानं पळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आहेत. एकदा सुटलं की हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. तेव्हा जे करायचं ते सुटण्याआधी. चालता चालता ते थबकतं. मान ताणते, एरवी डोक्याला चिकटलेले कान मुळाशी उचलले जातात, शेपूट हलायची थांबते, कधी एक पुढचा पाय अधांतरी राहतो. तुझ्याकडे एक-दोन श्वासांचा वेळ आहे. दोर खेचू नकोस. खेचलास की ते उलट पुढे रेटतं. सरळ त्याच्या नजरेच्या आड जाऊन उभा राहा. समोरचं दिसेनासं झालं की ते भानावर येतं. मग पाठ फिरवून चालायला लाग, आणि मागोमाग आलं की लगेच उकडलेल्या अंड्याचा नाहीतर कलेजीचा तुकडा दे. हे रोज केलंस तर काही महिन्यांनी ते थबकल्यावर आधी तुझ्याकडे बघायला लागेल. तेवढं झालं की खूप झालं. पण त्याच्या जोरावर रस्त्यावर मोकळं सोडू नकोस. बंद फाटकाचं मैदान मिळालं तरच सोड, आणि कुंपण पुरुषभर उंचीचं आहे ना ते आधी फिरून बघ.

‘ये’ म्हणून बोलावून कधी रागावू नकोस. चप्पल कुरतडली असेल तर जागेवर जाऊन ती काढून घे, पण बोलावून मारलंस तर पुढच्या वेळी ते हाकेला पाठच दाखवेल. मुळात मारायचंच नाही याला. जात मानी आणि लाजरी. एक फटका दिला तर लक्षात ठेवून कोपऱ्यात बसतं आणि शिकत काहीच नाही.

पळण्याची भूक मात्र भागवावीच लागते. नुसतं गळ्यात दोर घालून इमारतीला प्रदक्षिणा घातल्यास तर ते तुझा सोफा फाडेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. काठीला दोरी बांध, दोरीच्या टोकाला चिंधी. ती जमिनीसरशी फिरव, त्याला पाठलाग करू दे आणि शेवटी पकडूही दे. पकडायला मिळालंच नाही तर ते चिडचिडं होतं. खेळ मातीवर, काँक्रीटवर नाही. वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत उड्या मारायला लावायच्या नाहीत आणि स्कूटरमागे पळवायचं तर मुळीच नाही, हाडं अजून भरत असतात. एप्रिल-मेमध्ये उजाडायच्या आत फिरवून आण. डांबरावर आपला तळहात पाच-सात सेकंद ठेवून बघायचा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही.

एवढं पळून आलं की दिवसभर झोपतं. लोकांना हे पटत नाही, पण मोठं झालेलं कारवानी घरात अगदी गरीब असतं. अंगावर मांस कमी, म्हणून फरशीवर झोपलं की कोपरांना घट्टे पडतात. जुनी गोधडी चार पदरी करून एका कोपऱ्यात दे, आणि त्या कोपऱ्यात गेलं की नातवंडांनी हात लावायचा नाही, हा घरातला नियम कर. झोपेत दचकलं तर कोणतंही कुत्रं तोंड टाकतं. पाहुण्यांनाही सांग, वरून डोक्यावर हात नको. परक्याचा स्पर्श या जातीला आवडत नाही.

खाण्याचं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून घालायचे. त्यावर जगतं, पण वाढत्या अंगाला अंडी आणि मटण-चिकनही लागतं. शिजवलेलं हाड देऊ नकोस, त्याच्या काड्या होतात आणि आतड्याला टोचतात. कांद्याचा रस्सा नाही, चॉकलेट नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणेही कुत्र्याला विष आहेत, तेव्हा प्रसाद आपणच खायचा. छाती खोल असलेल्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडायचा धोका असतो. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर धावपळ नाही. पोट ढोलासारखं ताणलं, ओकारीचे उमाळे येतात पण काही पडत नाही, लाळ गळते, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस, रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठ.

बरगड्या दिसतात म्हणून शेजारीण येऊन बोलेल, खायला घालत नाही का? घालतो म्हणायचं आणि विषय सोडायचा. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हीच याची तब्येत. जाड केलंस तर सांधे जातील.

याच चरबी नसलेल्या अंगाची दुसरी बाजू डॉक्टरांना सांगून ठेव. ग्रेहाउंड आणि त्याच्या भाऊबंद जातींना काही भुलींचा, विशेषतः थायोपेंटलसारख्या जुन्या औषधांचा अंमल उतरायला फार वेळ लागतो. नसबंदीआधी हे स्वतःहून बोल. कातडीही पातळ, काटेरी तारेला नुसतं घासलं तरी फाटते. पावसाळ्यात फिरून आलं की कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली चाचपायचं, गोचीड तिथंच लपतात. सुस्त झालं, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर गोचीडताप आलाय असं समजून रक्त तपासून घे. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी; तारीख फ्रीजवर चिकटव. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधी फिरवून आण आणि दार बंद ठेव. गळ्यात फोन नंबरची पट्टी बारा महिने हवी.

जातीवरून वाद घालणारे भेटतील. मुधोळवाले मुधोळ म्हणतात, आपण कारवानी, अंगावर लांब केस असले की पश्मी. मालोजीराव घोरपड्यांनी मुधोळचं नाव मोठं केलं, २००५ मध्ये पोस्टानं तिकीटही काढलं, सगळं खरं. वाद घालायचा नाही, हसून सोडून द्यायचं.

गावाकडचं कुणीतरी मात्र येईलच, ‘दोन दिवस रानात घेऊन जातो, अंगातली रग बघू’ म्हणत. देऊ नकोस. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे, पकडले गेले तर कुत्र्याचा मालक म्हणून तुलाही बोलावतील. मागणारा तुझा बाप असला तरी नाहीच म्हण. त्याला मी बघून घेते.