तुझी गाडी तूच निवड

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, गाडी घ्यायची ठरलंय, पण कोणती ते मला ठरवूच देत नाहीत." फोनवर मोकळं बोलता येत नव्हतं, तुझ्या आजूबाजूला सगळे होते. म्हणून लिहून पाठवतेय. जेवणं उरकली की निवांत वाच.

शोरूममधल्या माणसानं तुला काय सांगितलं? "मॅडमच चालवणार ना? मग ही छोटी ऑटोमॅटिक घ्या, लाल रंगात छान दिसेल." आणि तुझे दीर म्हणतात, "घराला शोभेल अशी मोठी काळी गाडी घेऊ, वहिनींना गावातल्या गावात स्कूटी आहेच की." एकानं तुला छोट्या गाडीत बसवलं, दुसऱ्यानं मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर. तू रोज शाळेला कुठल्या रस्त्यानं जातेस, परत येताना अंधार पडतो का, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. पगार तुझा, हप्ता तू भरणार आणि पसंती मात्र बाकीच्यांची. मला हे पटत नाही आणि तूही पटवून घेऊ नकोस.

आपल्या अकलूजच्या घोडेबाजारात जाणकार माणूस घोडा कसा घेतो ते तू लहानपणापासून बघितलंयस. तो दात बघतो, खूर उचलून बघतो, फिरवून चाल बघतो. गाडीही तशीच पारखून घ्यायची. तुझा रस्ता, तुझ्या अंगाचं माप आणि तुझा पैसा, या तीनच गोष्टींवर ती ठरायला हवी. गाडीत बाई-पुरुष असा भेद नसतो. तो तिच्यावर विकणारे आणि बघणारे चिकटवतात.

चिकटवतात कसं, ते ऐक. अमेरिकेत १९५५ साली डॉज कंपनीनं खास बायकांसाठी म्हणून एक गाडी काढली, 'ला फेम'. गुलाबी रंग, सीटच्या मागे पर्स, लिपस्टिक, छत्री, सगळं जुळवून दिलेलं. इंजिन मात्र त्यांच्या नेहमीच्या गाडीचंच. दोन वर्षांत अडीच हजारही खपल्या नाहीत आणि कंपनीनं ती बंद केली. बायकांना गाडीतून काय हवं, हे रंगावरून ठरवायला गेले आणि बायकांनीच ती नाकारली. आता लाल रंग तुला मनापासून आवडत असेल तर खुशाल लाल घे. पण तो तुझ्या आवडीचा असू दे, त्यांच्या अंदाजाचा नको.

दुसरी गोष्ट तुझ्या दिरांना मुद्दाम सांग. आपल्या भागात पुरुषांची गाडी म्हटलं की थारचं नाव निघतं. २०२० साली जी नवी थार आली, ती घडली तेव्हा महिंद्राच्या डिझाइन विभागाच्या प्रमुख एक बाई होत्या, रामकृपा अनंतन. मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन शिकलेल्या. त्याआधीची एक्सयूव्ही ५०० सुद्धा त्यांच्याच कामातून आली. ती थार बनते आपल्या नाशिकला. आणि टाटांच्या हॅरिअर, सफारी? पुण्याच्या कारखान्यात त्या जोडणाऱ्या लाइनवर बायका काम करतात, थोड्याथोडक्या नाहीत, हजाराहून जास्त. दरवाजे, सीट, डॅशबोर्ड, चाकं, सगळं त्यांच्या हातून बसतं. हीच कंपनी पूर्वी टेल्को होती. १९७४ साली तिच्या नोकरीच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. ते वाचून सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीनं थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, मुलाखत झाली आणि ती टेल्कोतली पहिली बाई इंजिनियर झाली. त्याच आजच्या सुधा मूर्ती. ज्या दारात बायकांना मज्जाव होता, त्याच घराण्याच्या सगळ्यात दांडग्या गाड्या आज बायका जोडतात. आता त्या चालवायला बाईचा हात पुरत नाही, हे कुणी कुठल्या तोंडानं म्हणावं?

"झेपणार नाही" हे वाक्य तुला बरेच जण ऐकवतील. तेव्हा हे लक्षात ठेव. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास एका बाईनं केला. जर्मनीत १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभरावर किलोमीटर, जवळजवळ अकलूज ते सोलापूर. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली, इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. परभणीच्या शिला डावरे १९८८ पासून पुण्यात रिक्षा चालवू लागल्या, तेव्हा रिक्षाच्या हँडलवर बाई कुणी पाहिली नव्हती. आणि २०२३ साली सासवड ते नीरा मार्गावर अर्चना आत्राम यांनी एसटी चालवली. ज्या नीरेचं पाणी आपल्या अकलूजवरून पुढं जातं, त्याच नीरेच्या वरच्या अंगाला. एसटीपुढं एखादी स्कॉर्पिओ काय मोठी आहे गं?

कायद्यालाही हा भेद माहीत नाही. तुझं लायसन्स काढून बघ. त्यावर एलएमव्ही लिहिलंय, म्हणजे साडेसात हजार किलोपर्यंतचं हलकं वाहन. छोट्या अल्टोपासून फॉर्च्युनरपर्यंत एकच लायसन्स. आपल्या एमएच ४५ च्या आरटीओनं बायकांची परीक्षा वेगळी घेतलेली नाही.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण इथं प्रश्न जिवाचा आहे. गाडीची धडक-चाचणी होते तेव्हा आत माणसाच्या जागी पुतळा बसवतात. गेली कित्येक दशकं त्या चाचण्यांतला मुख्य पुतळा मध्यम बांध्याच्या पुरुषाचा आहे, उंची पाच फूट नऊ इंच आणि वजन सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलो. मध्यम बांध्याच्या बाईचा पुतळा स्वीडनमधल्या संशोधक आस्ट्रिड लिंडर यांच्या गटानं २०२२ साली पुढं आणला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात दिसलं की समोरासमोरच्या धडकेत पट्टा लावलेल्या बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता पट्टा लावलेल्या पुरुषापेक्षा ७३ टक्के जास्त असते. मग २०२१ साली तिथल्याच विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेनं कारणं शोधली. त्यातलं एक मोठं कारण असं निघालं की बायका जास्त करून लहान आणि हलक्या गाड्या चालवतात. "बाईला छोटी गाडी पुरे" हे बोलणं वरवर काळजीचं वाटतं. त्याची किंमत कोण मोजतं ते बघ.

याचा अर्थ मोठीच घे असा नाही. याचा अर्थ, सुरक्षेचे तारे बघून घे. ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झालंय. मोठ्या माणसांसाठी वेगळे आणि मुलांसाठी वेगळे, पाचपैकी किती तारे मिळाले ते कळतं. तुझी दोन लेकरं मागं बसणार, म्हणून दोन्ही आकडे बघ. विक्रेता टचस्क्रीन दाखवायला लागला की आधी तारे विचार, मग एअरबॅग किती ते विचार, मग बाकीचं.

त्यानंतर गाडीत बस आणि घाई करू नकोस. सीट वर-खाली होते का? पुष्कळ गाड्यांत ही सोय वरच्याच मॉडेलला देतात, म्हणून जे मॉडेल घेणार त्यातच बसून बघ. स्टिअरिंग खाली-वर होतं का? क्लच पूर्ण दाबला तरी पाठ सीटला टेकलेली राहायला हवी. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांच्यात साधारण पंचवीस सेंटिमीटर अंतर हवं, वीतभर आणि वर दोन बोटं. त्याहून जवळ बसलीस तर एअरबॅग उघडताना तीच छातीवर आदळते. पट्टा खांद्यावरून जायला हवा, गळ्याला घासायला नको. शाळेला साडी नेसून जातेस ना, मग साडीतच टेस्ट ड्राइव्ह घे. पट्टा कसा बसतो, पाय कसा पोचतो ते तेव्हाच कळेल. एखादी गाडी तुझ्या अंगाला बसत नसेल तर उणीव गाडीत आहे, तुझ्यात नाही. पुढची बघ.

मग रस्ता. अकलूज ते पंढरपूर पालखी मार्ग झाला, त्यावर कुठलीही गाडी पळेल. पण तुझी शाळा वस्तीवर आहे. शेवटचा रस्ता कालव्याच्या कडेनं, काळ्या रानातला. पावसाळ्यात तिथं चाक कसं रुततं ते तुला माहीत आहे. म्हणून जमिनीपासूनची उंची बघ. स्विफ्टला ती १६३ मिलिमीटर आहे, थारला २२६, आणि या दोन टोकांच्या मधे चांगल्या गाड्या पुष्कळ आहेत. घरची चार माणसं बसवून बघ, कारण भार पडला की गाडी खाली येते. गळीत हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून मार्चपर्यंत रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागं धड रिफ्लेक्टर नसतो. म्हणून एक टेस्ट ड्राइव्ह अंधार पडल्यावर माग आणि हेडलाइट लांबवर उजेड पाडतात का ते बघ. शोरूमवाले कुरकुर करतील, करू देत. स्टेपनी तिथंच स्वतःच्या हातानं एकदा बदलून बघ.

डिझेलचा आग्रह होईल. रोजचं जाणं-येणं थोडंसं असेल तर विचार करून घे. २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग, वेगात पळावी लागते. शाळा, बाजार आणि घर एवढ्यात ती तुंबते.

आणि ऑटोमॅटिकला "बायकांची" म्हणणाऱ्यांना आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते तेव्हा गाडी घेऊन बाहेर पडा म्हणावं. तासभर क्लच दाबून पाय भरून आले की कळेल. २०१४ साली सेलेरियोबरोबर स्वस्तातली ऑटोमॅटिक आपल्याकडे आली, तेव्हापासून पुरुषही घेतायत. तुला गिअर टाकायला आवडत असेल तर गिअरची घे, नसेल तर ऑटोमॅटिक घे. चढावर थांबवून बघ मात्र, ब्रेक सोडल्यावर गाडी मागं येते का.

तुझ्या नवऱ्याशी, म्हणजे आमच्या भाऊजींशीही, हे मोकळेपणानं बोल. त्यांचा गुडघा दुखतो, ऑटोमॅटिकची खरी गरज त्यांना आहे, पण चारचौघांत ती मागायची लाज वाटते. आपल्याकडं बागायतदाराच्या दारात लहान गाडी उभी राहिली की लोक कुजबुजतात, म्हणून माणसं ऐपतीबाहेरची गाडी घेतात. ऊसबिल येतं हप्त्याहप्त्यानं, तेही कधी येईल ते कारखाना ठरवणार, आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला. ही बाई-पुरुषाची वाटणी पुरुषांनाही महागात पडते गं. तुझ्या निवडीतून त्यांचीही सुटका होऊ शकते.

शेवटची गोष्ट कागदांची. आरसीवर तुझं नाव हवं. यात मानापमान बाजूला ठेव, नुसता हिशेब बघ. विम्याबरोबर मालक-चालकाला पंधरा लाखांचं अपघात संरक्षण घेतात, ते ज्याच्या नावावर गाडी असेल त्यालाच मिळतं. गाडी भाऊजींच्या नावावर आणि रोज चालवणार तू, तर त्या संरक्षणात तू बसत नाहीस. कर्ज तुझ्या पगारावर, गाडी तुझ्या हातात, मग नावही तुझंच. वारस कोण तेही त्याच दिवशी भर.

घरात हे सांगताना आवाज चढवू नकोस. एका कागदावर तुझा रस्ता, रोजचे किलोमीटर, तारे, हप्ता, सगळं लिहून सगळ्यांसमोर ठेव. कुणी म्हणालं "ही बायकांची" किंवा "ही पुरुषांची", तर विचार, "यातली कुठली गोष्ट चुकली ते सांगा." सांगता आली तर ऐक, चांगली सूचना कुणाचीही असू शकते. नाही आली तर जी तुला पटली तिच्या फॉर्मवर सही कर. मी रविवारी मोकळी आहे. शोरूममध्ये सोबत हवी असेल तर हाक मार, पण स्टिअरिंगवर तूच बसायचंस आणि बोलायचंही तूच.