कातकामाचे ओंडके व पट्टाकरवतीचे पाते

कोकणातील बागायतदार वठलेला आंबा किंवा फणस रीतसर परवानगी घेऊन तोडतो, तेव्हा त्याचे आखूड ओंडके बहुधा सरपणात जातात. वास्तविक अशा ओंडक्यांपासून कातारी वाडगे व डबे करू शकतो. मात्र ओंडका योग्य पात्याने व वेळीच कापला गेला पाहिजे.

दाते : ओल्या लाकडाचा भुसा चिवट व दमट असतो. बारीक दात्यांच्या खाचांत तो अडकतो, पाते तापते आणि काप वाकडा जातो. म्हणून इंचास सुमारे ३ मोठे दाते व खोल खाचा असलेले पाते घ्यावे. दाते एकाआड एक डावी-उजवीकडे पुरेसे झुकविलेले असावेत. अन्यथा ओली चीर पात्यास आवळते.

रुंदी : सरळ कापास रुंद पाते चांगले. गोल कापास मात्र ते वळत नाही. १२ मि.मी. रुंदीचे पाते साधारण ६५ मि.मी. त्रिज्येपर्यंत वळते, त्याहून लहान गोलास ६ ते १० मि.मी. रुंदीचे पाते लावावे.

कापण्याची रीत : सालीवरील माती व खडे प्रथम खरवडून काढावेत, त्यांनी दाते तत्काळ बोथट होतात. गोल ओंडका टेबलावर मोकळा ठेवून कधीही कापू नये. दाते त्यास खाली खेचतात, ओंडका गरकन फिरतो, पाते तुटते व हातही ओढला जाण्याचा संभव असतो. ओंडका फळीवर पाचरी व स्क्रूंनी घट्ट बसवून गाभ्यातून उभा चिरावा. गाभा तसाच राहिल्यास लाकूड वाळताना तडकते. मग सपाट बाजू खाली ठेवून गोल कापावा. पात्याचा वरचा आधार लाकडाच्या अगदी जवळ आणावा. सैल बाह्या व हातमोजे घालू नयेत.

निगा : फणसाचा चीक पात्यावर साचतो. यंत्र पूर्ण थांबवून, वीज तोडून तो पुसावा. जोर लावावा लागू लागला, की पाते बोथट झाले असे समजावे व ते बदलावे.

कापलेल्या तुकड्यांच्या टोकांस त्याच दिवशी मेण लावून ते सावलीत ठेवावेत. ग्रामसेवकांनी ही रीत गावच्या करवतीवर प्रत्यक्ष दाखविल्यास लाकूड वाया जाणार नाही, आणि कामगाराचा हातही सुरक्षित राहील.