अर्जावर पहिली सही माझीच

कॉलनीत नवे दिवे बसवा, या अर्जावर पहिली सही माझीच होती. आधीच सांगून टाकतो, कारण आमचे अध्यक्ष ते अजूनही चारचौघांत ऐकवतात. पण मी उजेड मागितला होता, तो रस्त्यावर. गादीवर नव्हे.

जळगावचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला गच्चीचं मोल सांगायला नको. पारा ४४-४५ वर गेला की भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडतात. आखाजीपासून पहिल्या पावसापर्यंत आमच्या गाद्या वरच. जुना पिवळा सोडियमचा दिवा गेला आणि त्याच खांबावर पांढराफटक एलईडी आला, तोही तोंड वर करून, थेट आमच्या कठड्याकडे.

पहिल्याच रात्री कूस बदलली तर भिंतीवर माझ्याच हाताची सावली, बोटं मोजता येतील इतकी स्पष्ट. धुळ्याहून आलेली बहीण डोळ्यांवर पदर ओढून म्हणाली, "आठे रात व्हतच नही का रे भाऊ?" नातवाला सप्तर्षी दाखवायचं कबूल केलं होतं. कसेबसे तीन तारे सापडले. दोन वाजता समोरच्या निंबावर कावळे ओरडायला लागले, तेव्हा मात्र डोकं फिरलं.

ठेकेदाराचा माणूस हसला. "काका, लोक उजेडासाठी मोर्चे काढतात, तुम्ही अंधारासाठी भांडता?" मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यात दिव्याचा गोळा, बाकी सगळं काळं. "बघा, अंधारच तर दिसतोय!" हे वाक्य मी विसरणार नाही.

म्हणून सांगतो, फोटो दिव्याचा काढू नका. दिव्याकडे पाठ करून उजळलेल्या भिंतीचा, गादीचा काढा. खांबाचा नंबर लिहून घ्या. 'दिवा फार आहे' असं लिहिलंत तर कोणी हलत नाही. 'दिव्याची काच जमिनीला समांतर करा, घराकडच्या बाजूला पत्रा लावा' असं लिहा. आणि मुळात दिवा मागतानाच रंग लिहा. ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे पांढरा-निळसर. त्या निळ्या उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन दबतं, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. कोणता दिवा मंजूर झाला होता ते माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. स्वतः खांबावर चढू नका, काळं फासू नका. शेजाऱ्यांना सोबत घ्या वगैरे तर सगळेच सांगतात. माझे शेजारी माझ्यासोबत गेटपर्यंत आले होते.

कोणी वेड्यात काढलं तर पेंचचं नाव घ्या. आपल्याच महाराष्ट्रातल्या त्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यांवरचे दिवे बदलले, तोंड खाली असलेले बसवले. गावं काही अंधारात बुडाली नाहीत. वाघाच्या रात्रीचा विचार होतो, करदात्याच्या नाही!

आमच्या दिव्याला पत्रा लागला दसऱ्यानंतर, गाद्या खाली आल्यावर. तोवरचं कूलरचं बिल मीच भरलं. अध्यक्षांच्या घरासमोरचा खांब मात्र पहिल्या दिवसापासून खाली मान घालून उभा आहे.